गाडीच्या बाहेरील पट्ट्या, लोगो आणि त्यामागचा चिकटा कसा काढावा: कोकण किनाऱ्यावरील गाडीमालकांसाठी

किनाऱ्यालगत वापरल्या जाणाऱ्या गाडीच्या दरवाजावरील बीडिंग (आडवी संरक्षक पट्टी), डिकीवरील अक्षरे, खिडक्यांवरील व्हायझर (पावसाची झड अडवणारी पट्टी) किंवा चाकाच्या कमानीवरील प्लास्टिकचे क्लॅडिंग (संरक्षक आवरण) काढण्याची वेळ साधारणपणे तीन कारणांनी येते. पट्टी एका टोकाने सुटून फडफडू लागते, गाडी रंगवायची असते, किंवा पट्टीच्या कडेने रंगाखाली बारीक फुगवटे दिसू लागतात. पहिली दोन कारणे कोणत्याही गावाला लागू आहेत. तिसरे मात्र आपल्याकडे इतके सर्रास आढळते की, माझ्या मते, पट्टी काढण्याचे खरे प्रयोजन तिच्याखालचा पत्रा पाहणे हेच असते. त्यामुळे पुढील मजकुरात पट्टी उचकटण्याइतकीच जागा नंतरच्या कामाला दिली आहे.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण येतात आणि ते पट्टी व पत्रा यांच्यातील फटीत साठत राहतात. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतलेच पाणी ओढून विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठात मिसळलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही ओले होते. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांच्या गावी पाऊस नसतानाही ही फट त्यामुळे ओलीच राहते. त्यात जांभ्याची तांबडी धूळ जाऊन बसली की तिचा थर ओल धरून ठेवतो. उघडा पत्रा धुतला जातो आणि वाळतो, फटीतला पत्रा ना धुतला जातो ना वाळतो. रंगावर तिथे एखादा जरी ओरखडा असेल तरी गंज आत शिरतो आणि पट्टीच्या आडोशाने पसरत जातो.

दिवस आणि जागा

हे काम जून ते सप्टेंबरमध्ये करू नये. चिकटा काढण्यापुरते ते कसेबसे जमेल, परंतु उघडा पडलेला पत्रा कोरडा करणे, त्यावर प्रायमर लावणे किंवा नवी टेप चिकटवणे या गोष्टी पावसाळी हवेत नीट होत नाहीत. पाऊस पूर्ण ओसरल्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस सर्वांत चांगले. ते हुकल्यास मार्च-एप्रिल. थंडीच्या दिवसांत पहाटे पत्र्यावर दंव असते, म्हणून ऊन थोडे वर आल्यावर सुरुवात करावी. भर दुपारी गाडी उन्हात ठेवून मात्र काम करू नये, कारण गडद रंगाचा पत्रा तेव्हा इतका तापतो की लावलेले द्रावण मुरण्याआधीच उडून जाते आणि त्याचे डाग मागे राहतात. सावली हवी, पण ती माडाखालची नको. चिकटा काढून झाल्यावर टपावरचा पोचा काढत बसण्याची वेळ येऊ शकते.

जागा निवडताना विहिरीचाही विचार करावा. आपल्याकडे अंगणातले पाणी बहुधा माडाच्या आळ्यात किंवा परड्यात वळवलेले असते आणि विहीर फार लांब नसते. टर्पेंटाइन किंवा थिनर लागलेल्या चिंध्या तिथे पिळू नयेत आणि उरलेले द्रावण जमिनीवर ओतू नये. चिंध्या मोकळ्या हवेत, चुलीपासून लांब पसरून पूर्ण वाळू द्याव्यात आणि मगच टाकाव्यात.

पट्टी कशावर धरली आहे, ते आधी ओळखावे

गाडीच्या बाहेरील भाग मुख्यतः तीन प्रकारे बसवलेले असतात: डबल टेपने, प्लास्टिकच्या क्लिपांनी, किंवा दोन्हींनी मिळून. दरवाजावरील बीडिंग, डिकीवरील मॉडेलचे नाव आणि विक्रेत्याने नंतर बसवून दिलेले व्हायझर बहुतेक वेळा निव्वळ टेपवर असतात. चाकाच्या कमानीवरील क्लॅडिंगला क्लिपा असतात आणि चाकाच्या आतील बाजूने काही स्क्रूही असतात. पुढच्या किंवा मागच्या मोठ्या लोगोला पुष्कळदा टेपबरोबरच मागे दोन-तीन खुंट्या असतात व त्या पत्र्यातील भोकांत बसतात. हे भोक कशासाठी ते लक्षात ठेवावे, कारण लोगो कायमचा काढायचा असेल तर ते भोक बुजवण्याची जबाबदारीही अंगावर येते.

काही भागांना हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा. चालकाला मदत करणारी आधुनिक यंत्रणा असलेल्या अनेक गाड्यांत पुढच्या लोगोच्या किंवा जाळीच्या मागे रडार बसवलेले असते. तो लोगो खास त्या रडारसाठी बनवलेला असतो आणि तो काढल्यास किंवा बदलल्यास रडारचे काम बिघडते. डिकीवरील क्रोमच्या गार्निशमध्ये, म्हणजे चकाकत्या सजावटीच्या पट्टीत, कॅमेरा, नंबरप्लेटचा दिवा आणि डिकी उघडण्याचे बटण असू शकते, म्हणजे आत वायरी असतात व ते गार्निश बाहेरून ओढून काढता येत नाही. त्यासाठी डिकीचे आतले आवरण उघडून नट सोडवावे लागतात. शिवाय उच्च सुरक्षा नंबरप्लेट एकदाच बसणाऱ्या कुलुपांवर असते. ती काढल्याशिवाय गार्निश निघत नसेल तर प्लेट पुन्हा अधिकृत ठिकाणीच बसवून घ्यावी लागेल, हे गृहीत धरून मगच त्या कामाला हात घालावा.

याहूनही महत्त्वाची ओळख रंगाची असते. कारखान्यात पत्र्यावर चढवलेला रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजलेला असतो आणि तो टेप ओढल्याने सहसा निघत नाही. अपघातानंतर गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेला दरवाजा मात्र भरवशाचा नसतो. तिथे टेपबरोबर रंगाचा पापुद्राही हातात येऊ शकतो. दरवाजाच्या रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का, दरवाजाच्या आतील कडेला मास्किंग टेपची रेषा दिसते का, शेजारच्या दरवाजाशी रंगाची छटा जुळते का, हे उजेडात पाहून घ्यावे. कापडात गुंडाळलेले साधे लोहचुंबक दोन्ही दरवाजांवर लावून पाहिले तर जाड पुट्टी असलेल्या ठिकाणी त्याची पकड ढिली लागते. जुनी गाडी विकत घेतली असेल तर ही तपासणी मुळीच टाळू नये.

सामान

फार काही लागत नाही. केस वाळवण्याचा ड्रायर, कागदी मास्किंग टेप, प्लास्टिकची ट्रिम काढण्याची पट्टी, दोन-तीन मायक्रोफायबर कापडे, मऊ टूथब्रश, नायट्राइलचे हातमोजे आणि साबणाची बादली एवढे आधी जमवावे. मुदत संपलेले बँकेचे कार्ड चिकटा खरवडायला उत्तम. स्क्रूड्रायव्हर, सुरी किंवा पुट्टी ओढायची लोखंडी पत्ती यांना रंगाजवळ येऊच देऊ नये; त्यांनी पट्टी दोन मिनिटांत निघते, पण रंगावर पडलेला चरा खाऱ्या हवेत फार काळ नुसता चरा राहत नाही.

या कामाचे सर्वांत उपयोगी हत्यार आपल्याकडे जेटीजवळच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळते, ते म्हणजे तंगूस. अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची, एकेरी धाग्याची नायलॉनची तंगूस घ्यावी. तिची दोन्ही टोके लाकडाच्या छोट्या तुकड्यांना गुंडाळून घ्यावीत, नाहीतर ती टेप कापण्याआधी बोटे कापते. छोट्या अक्षरांसाठी दात साफ करायचा धागा पुरतो.

हीट गन असेल तर ती वापरता येते, पण ती हाती असण्याचा मोह कामापेक्षा मोठा असतो. तिची हवा ड्रायरपेक्षा पुष्कळ जास्त, काही यंत्रांत ५०० अंशांच्या पुढे, तापते आणि आपल्याला पत्रा ५० ते ६० अंशांपलीकडे नेण्याची गरजच नसते. बंपरवरील रंग पत्र्यावरील रंगापेक्षा कमी तापमानाला, सुमारे ८० अंशांना, पक्का केलेला असतो आणि खालचे प्लास्टिकही लवकर मऊ पडते. वापरायचीच असेल तर सर्वांत कमी पायरीवर, वीतभर अंतर राखून आणि हात सतत फिरता ठेवून वापरावी. बंपरवर, काचेजवळ आणि पुन्हा रंगवलेल्या भागावर ड्रायरच बरा.

पट्टी काढणे

सर्वप्रथम गोड्या पाण्याने गाडी धुवावी आणि टूथब्रशने पट्टीची कड सगळीकडून साफ करावी. ही पायरी अनेक जण गाळतात. फटीत साठलेली रेती आणि जांभ्याची धूळ तशीच राहिली, तर पुढे-मागे ओढली जाणारी तंगूस तीच धूळ रंगावर घासत नेते आणि पट्टी निघाल्यावर तिच्या जागी पांढऱ्या ओरखड्यांची एक नवी पट्टी दिसते. तीच पट्टी किंवा तशीच नवी परत बसवायची असेल तर तिच्या वरच्या कडेला आणि दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून जागा नोंदवावी व मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. डिकीवरील अक्षरांच्या बाबतीत हे विशेष आवश्यक आहे, कारण अर्ध्या सेंटिमीटरचा तिरकेपणाही कायम डोळ्यांत खुपतो.

आता एका टोकापासून साधारण वीतभर लांबीचा भाग ड्रायरने तापवावा. किती तापवावे याचे माप हातावर आहे: तळहात ठेवता आला पाहिजे, पण तो तिथे फार वेळ ठेवावासा वाटता कामा नये. त्या उष्णतेने टेपचा स्पंज मऊ पडतो. पट्टीचे टोक प्लास्टिकच्या पत्तीने तंगूस शिरेल एवढेच उचलावे, तंगूस पट्टीच्या मागे सरकवावी आणि करवतीसारखी आडवी ओढत, पत्र्याला शक्य तितकी समांतर ठेवून, टेपच्या मधल्या जाडीतून पुढे न्यावी. टेपच्या मधून कापणे हाच उद्देश आहे. रंगाला चिकटलेली अर्धी टेप मागे राहिली तरी चालते, ती नंतर सावकाश निघते. वीतभर कापून झाले की पुढची वीत तापवावी. संपूर्ण दरवाजा एकदम तापवून घेतला तर शेवटच्या टोकाला पोहोचेपर्यंत तो गार झालेला असतो.

तंगूस दर वेळी एकाच ठिकाणी अडत असेल तर तिथे खुंटी किंवा क्लिप आहे असे समजावे आणि जोर करू नये. खुंटीच्या दोन्ही बाजूंची टेप कापून झाल्यावर प्लास्टिकच्या पत्तीने, खाली कापडाची घडी ठेवून, भाग सरळ बाहेर उचलावा. तिरका उचलला तर खुंटी मोडून भोकात अडकते.

टेप ओढण्याच्या वेगाविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण घाईने होणारे नुकसान बहुतेक इथेच होते. बीडिंगसाठी वापरली जाणारी चांगली टेप अॅक्रिलिक स्पंजाची असते. तिच्यावरील संरक्षक पट्टी बहुधा लाल असते आणि टेप स्वतः राखाडी किंवा काळी असते. हा पदार्थ अचानक दिलेल्या हिसक्याला घट्ट घनपदार्थासारखा विरोध करतो, पण सावकाश, सलग ताण दिला तर ताणत जाऊन सुटतो. म्हणून हिसका देणाऱ्याच्या हाती रंग येतो आणि धीराने ओढणाऱ्याच्या हाती टेप. पट्टी एका टोकाने सुटली की ती गरम असतानाच हळूहळू ओढावी, अडली तर थांबून पुन्हा तापवावी. पुन्हा रंगवलेल्या दरवाजावर पट्टी ओढूच नये, शेवटपर्यंत तंगुशीनेच कापत न्यावी.

खिडकीवरील व्हायझरबाबत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. दरवाजाच्या वरच्या चौकटीवर पुष्कळ गाड्यांत काळा रंग नसून काळी फिल्म चिकटवलेली असते, आणि व्हायझरची टेप बरोबर तिच्यावर असते. व्हायझर खाली खेचला की फिल्मही सुरकुतते. तो आधी पूर्ण तंगुशीने कापून काढावा, आणि उरलेल्या टेपला नंतर केवळ सौम्य द्रावण लावावे.

क्लिपांवरील क्लॅडिंगला उष्णतेचा फारसा उपयोग नसतो. चाकाच्या आतले स्क्रू आधी काढावेत. मधली टिकली असलेल्या क्लिपांत, प्रकारानुसार, टिकली आत दाबावी किंवा बाहेर उचलावी लागते. मग कडेपासून एकेका क्लिपेच्या अगदी जवळ पत्ती घालून ती सोडवावी. दोन क्लिपांच्या मधोमध ओढल्यास क्लॅडिंगच वाकते. उन्हाने आणि वर्षांनी क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, त्यामुळे थोड्या तुटणारच असे धरून चालावे आणि एक जुनी क्लिप नमुना म्हणून दाखवून नव्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात. छोट्या गावात त्या मॉडेलच्या क्लिपा त्याच दिवशी मिळतीलच असे नाही.

चिकटा

पट्टी निघाली की टेपचा उरलेला स्पंज आधी हातानेच काढावा. ड्रायरने गरम करून अंगठ्याने कड गोळा करावी आणि टेप पत्र्याला जवळजवळ समांतर, लांबवत ओढावी. अशी ओढलेली टेप पुष्कळदा सलग निघून येते. जिथे तुटते तिथे अंगठ्याने चोळून तिची गोळी करावी. हे कंटाळवाणे आहे, पण स्पंज जितका जास्त हाताने निघेल तितके द्रावण कमी लागते, आणि रंगाच्या दृष्टीने तेच हिताचे असते.

फणस चिरण्याआधी हाताला खोबरेल तेल लावतात, कारण चीक पाण्याने जात नाही, तेलाने सुटतो. गाडीवरील चिकटाही याच न्यायाने वागतो. साबणाच्या पाण्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही, तेलकट द्रावणांचा होतो. द्रावणे नेहमी सौम्यापासून सुरू करावीत. खोबरेल तेल किंवा निलगिरी तेल साध्या स्टिकरच्या गोंदाला पुरते. त्यानंतर रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन किंवा रॉकेल, अथवा स्टिकर व डांबर काढण्यासाठी बाटलीत मिळणारी तयार द्रावणे. ही सर्व कारखान्याच्या रंगावर सुरक्षित समजली जातात, तरीही दरवाजाच्या आतल्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी आधी लावून, पाच मिनिटे थांबून, पांढऱ्या कापडाने पुसून पाहावे. कापडावर रंग उतरला तर तो रंग कारखान्याचा नाही हे तिथेच कळते.

द्रावण ओतू नये. कापडाचा किंवा टिश्यू पेपरचा तुकडा त्यात भिजवून चिकट्यावर चिकटवावा आणि वरून प्लास्टिकची पिशवी दाबून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, म्हणजे वाऱ्याने ते उडत नाही. अॅक्रिलिकचा चिकटा त्यात साखरेसारखा विरघळत नाही. तो फुगतो, मऊ होतो आणि पत्र्यावरील पकड सोडतो. म्हणून लावल्याबरोबर घासून काहीच होत नाही आणि माणूस अधिक जहाल द्रावणाकडे वळतो. थांबल्यानंतर कार्डाच्या कडेने सरकवला की तो वळ्या होऊन निघतो. एकदा न निघाल्यास तेच पुन्हा करावे. पांढऱ्या स्पंजाच्या स्वस्त टेपचा आणि साध्या स्टिकरचा गोंद रबराच्या जातीचा असतो, तो टर्पेंटाइनला लवकर दाद देतो.

पेट्रोलने चिकटा निघतो हे खरे आहे आणि तरीही ते वापरू नये. त्याची वाफ दूरवरच्या ठिणगीनेही पेट घेते. गॅरेजमधील एनसी थिनर पुन्हा रंगवलेल्या भागाला मऊ करते आणि बंपर, दिव्यांच्या काचा व काळ्या प्लास्टिकची वाट लावते. नखांचा रंग काढायच्या अनेक द्रावणांत असणारे अॅसिटोन दिव्याच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवर बारीक चिरांचे जाळे पाडू शकते. आणखी एक नियम कोणत्याही सबबीवर मोडू नये: आधी उष्णता, मग द्रावण, आणि द्रावण लावल्यानंतर त्या जागी ड्रायर किंवा हीट गन पुन्हा नेऊ नये.

शेवटी उरलेला तेलकटपणा साबणाने धुऊन, अर्धे पाणी व अर्धे आयसोप्रोपिल अल्कोहोल यांच्या मिश्रणाने पुसून काढावा. अल्कोहोल चिकटा काढण्याच्या कामाला फारसे येत नाही. त्याचे काम या शेवटच्या पुसण्यापुरतेच आहे.

लांबलचक बीडिंगचा जुना, पिवळट होऊन कडक झालेला चिकटा असेल तर ड्रिल मशीनला लावायचे रबराचे चाक, ज्याला दुकानदार इरेजर व्हील म्हणतात, वेळ वाचवते. मात्र ते फक्त पत्र्याच्या सपाट भागावर, कारखान्याच्या रंगावर, कमी वेगाने आणि हात सतत पुढे सरकवत वापरावे. घर्षणाने रंग तापतो. एका जागी क्षणभर रेंगाळले तरी क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जळून धुरकट होतो. हा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून जाड नसतो. दरवाजाच्या दुमडीवर तो आणखी पातळ असतो, बंपर लवकर तापतो आणि नव्या रंगाचा भरवसा नसतो, म्हणून या तिन्ही ठिकाणी चाक लावू नये. डोळ्यांना चष्मा लावावा, कारण रबराचा चुरा चौफेर उडतो.

काचेवरील चिकट्याला ब्लेड चालते, काच साबणाच्या पाण्याने ओली ठेवून. मागच्या काचेच्या आतील बाजूस बाष्प घालवण्याच्या तारा असतात, तिथे मात्र ब्लेड लावले तर त्या तारा खरवडून निघतात आणि पावसाळ्यात त्यांची उणीव जाणवते. जुन्या गाड्यांवरील काळ्या फिल्मचे अवशेष अजून अनेक काचांवर आढळतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली अशा फिल्मला मनाई केल्यावर घाईने ओरबाडून काढलेल्या फिल्मचा तो गोंद असतो, आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेला वर्तमानपत्राचा कागद तासभर चिकटवून ठेवला की तोही सुटतो.

खाली जे सापडेल ते

पट्टीच्या जागी बहुधा तिचीच आकृती दिसत राहते. तो चिकटा नसतो. भोवतालचा रंग उन्हाने फिका झालेला असतो आणि झाकलेला रंग मूळचाच राहिलेला असतो. भोवतालच्या रंगावर बारीक पॉलिश हाताने फिरवल्यास त्यावरचा निस्तेज थर निघून फरक कमी होतो. लाल आणि गडद निळ्या गाड्यांत तो पूर्ण जाईलच असे नाही, आणि तो घालवण्याच्या हट्टाने कंपाउंड घासत राहणे म्हणजे आधीच पातळ असलेला क्लिअर कोट संपवणे होय. अशा वेळी तीच पट्टी परत लावणे अधिक शहाणपणाचे ठरते.

आता नखाने आणि उजेडाने तपासावे. रंगाखाली तांदळाएवढे फुगवटे असतील, किंवा खुंट्यांच्या भोकांच्या कडेला तांबूस रेषा असेल, तर पुढचे काम टाळून पट्टी परत चिकटवणे ही सर्वांत महागात पडणारी बचत असते. फुगलेला रंग टोकदार प्लास्टिकने उचलून काढावा आणि ती जागा गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावी, कारण मीठ उरले तर त्यावर लावलेला कोणताही थर पुन्हा फुगतो. वाळल्यावर १८० ते २४० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत जावे, आणि कडेचा चांगला रंग ४०० नंबरने उतरता करावा. फक्त गंजापुरतेच घासावे. अनेक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो आणि निष्कारण घासून आपणच तो घालवतो. खड्ड्यांत रुतलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्ल असलेला रस्ट कन्व्हर्टर लावून, बाटलीवर सांगितलेला वेळ देऊन, नंतर इपॉक्सी प्रायमर द्यावा, त्यावर गाडीच्या कोडचा रंग आणि क्लिअर कोट. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये. बंदराच्या गावात सकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक आलेली असते आणि प्रायमरच्या आधी पुन्हा घासावे लागते. गंजाने पत्र्याला आरपार भोक पाडले असेल तर ते काम डेंटिंग-पेंटिंगवाल्याचे आहे. तिथे पुट्टी भरून रंग मारणे म्हणजे पुढच्या पावसापुरती सोय.

लोगोची भोके कायमची बंद करायची असतील तर कडांना प्रायमर व रंग देऊन मगच मापाचे रबरी बूच बसवावे. कोरड्या पत्र्यावर नुसते सिलिकॉन भरू नये. काही सिलिकॉनमधून वाळताना अॅसिटिक आम्ल सुटते व ते लोखंडाला मानवत नाही.

परत लावायची की नाही

अरुंद गल्लीत, बाजारात किंवा एसटी स्टँडच्या आसपास गाडी उभी राहत असेल तर दरवाजाचे बीडिंग उपयोगी आहे. ज्याची गाडी बहुतेक वेळ घराच्या अंगणात असते, त्याने ते परत लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मीठ साठण्याची एक फट तरी कमी होते. चाकाच्या कमानीवरील क्लॅडिंग खडीपासून पत्रा वाचवते, ते ठेवावे, मात्र दर दिवाळीच्या सुमारास काढून आतून धुवावे.

पट्टी परत लावताना जुनी टेप पूर्ण काढून अॅक्रिलिक स्पंजाची नवी टेप वापरावी. जुन्या टेपवर गोंद ओतण्याची पद्धत फसवी आहे, आणि इन्स्टंट ग्लू तर पुढच्या वेळी रंगासकटच निघतो. टेपचे छोटे तुकडे जागोजागी लावू नयेत. वरच्या कडेलगत एक सलग पट्टी टोकापासून टोकापर्यंत असावी, म्हणजे वरून ओघळणारे पाणी मागे शिरत नाही, आणि खालची कड मोकळी ठेवावी, म्हणजे आत गेलेली ओल बाहेर पडते. पत्रा अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसून पूर्ण कोरडा झाल्यावर, मास्किंग टेपच्या खुणेला धरून पट्टी टेकवावी आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठ्याने जोराने दाबत जावे. या टेपची पकड दाबावर अवलंबून असते. साधारण खोलीच्या तापमानाला ती वीस मिनिटांत निम्मी, २४ तासांत सुमारे ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण ताकद धरते. ते तीन दिवस गाडी धुवू नये आणि पट्टीला हात लावून पाहू नये.

गंज काढून रंगवलेल्या जागेवर मात्र टेप लगेच लावू नये. ताज्या रंगातील द्रावक बाहेर पडायला काही आठवडे लागतात, तोवर वर टेप बसली तर रंग खाली मऊ राहतो आणि टेपही सुटते. ऑक्टोबरमध्ये रंगवलेल्या दरवाजाला पट्टी नोव्हेंबर उलटल्यावर लावली तरी चालते. पहिल्या पावसानंतर दरवाजाच्या खालच्या कडेची पाणी निचरण्याची भोके काडीने मोकळी करावीत आणि बुजवलेल्या भोकांच्या आतल्या बाजूला, डिकीचे आवरण थोडे उचलून, बोट फिरवून ओल लागते का ते पाहावे.